पंचनाम्याआधीच लागलेला निकाल

सायकलस्वाराला गाडीची धडक बसली की निकाल रस्त्यावरच लागतो. ‘मधेच आला’, ‘एकदम आडवा आला’, ‘अंधारात दिसलाच नाही’. ही वाक्ये बहुतेक वेळा गाडी चालवणाऱ्याची असतात, कारण त्या घडीला बोलण्याच्या अवस्थेत तोच असतो. ज्याला धडक बसली तो बेशुद्ध असतो, वेदनेने कळवळत असतो किंवा गेलेला असतो. भोवती जमलेल्यांपैकी फार थोड्यांनी धडक प्रत्यक्ष पाहिलेली असते. उरलेले आवाज ऐकून वळलेले असतात आणि कानावर पडले तेच पुढच्याला सांगू लागतात. तिथून ते वाक्य ठाण्याच्या नोंदीत जाते, रुग्णालयाच्या केसपेपरवर उतरते, दुसऱ्या दिवशी बातमीत छापून येते आणि काही वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात पुन्हा भेटते. एव्हाना त्याला पुराव्याचे वजन आलेले असते. दोष कोणाचा, हे आपल्याकडे तपासाने ठरण्याऐवजी त्या क्षणी कोण बोलू शकले यावर ठरू लागले आहे. हे रोज घडते आहे आणि त्याची किंमत ज्यांना सर्वांत कमी परवडते तेच मोजत आहेत. म्हणून हा इशारा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. एकट्या महाराष्ट्रातील मृतांचा आकडा १५,२२४ होता. सायकलस्वारांचा वाटा एकूण मृत्यूंच्या तीन टक्क्यांच्या आसपास दिसतो म्हणून या प्रश्नाकडे कोणी फिरकत नाही. पण देशभर दिवसाला सरासरी तेरा सायकलस्वार मरत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमी चार ओळींपलीकडे जात नाही.

मरणारे कोण असतात? फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवताना अवतार सैनी यांना टॅक्सीची धडक बसली आणि ते गेले. इंटेलच्या भारतातील कारभाराचे ते माजी प्रमुख, जगभर वापरल्या गेलेल्या प्रोसेसरांच्या रचनेत त्यांचा हात होता. त्यांच्या मृत्यूची बातमी देशभर गेली, तशी ती जायलाच हवी होती. त्यांच्यासोबत सायकल चालवणारे सहकारी होते. काय घडले ते सांगणारे कोणी तरी होते. रात्रपाळी संपवून औद्योगिक वसाहतीतून घरी निघालेल्या रखवालदाराच्या मागे असे कोणी नसते. पहाटे साडेचारला वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून निघालेल्या मुलाच्या, डबे घेऊन निघालेल्या गवळ्याच्या, थापी-ओळंबा पिशवीत टाकून कामाच्या नाक्यावर जाणाऱ्या गवंड्याच्या मागेही नसते. मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी सायकली देते. अत्यंत चांगली योजना आहे ती. पण सायकल देऊन ज्या मुलीला आपण राज्यमार्गावर पाठवतो, तिला कोणी उडवले तर तिच्या बाजूने उभे राहणारी यंत्रणा कोणती, या प्रश्नाला आज उत्तर नाही.

सगळी गफलत कुठे सुरू होते ते पाहायचे तर अपघात विभागातला केसपेपर पाहावा. जखमीला कोणी तरी रुग्णालयात आणतो. ड्यूटीवरचा डॉक्टर घाईत विचारतो, काय झाले? आणणारा सांगतो ते डॉक्टर लिहितो. आणणारा कधी वाटसरू असतो, कधी धडक देणारा चालकच असतो. त्याने जखमीला रुग्णालयात पोहोचवले हे योग्यच केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ते त्याचे कर्तव्यही आहे. पण ‘सायकलवरून पडला’ हे त्याचे दोन शब्द केसपेपरवर जसेच्या तसे उतरतात आणि ते कोणी सांगितले याची नोंद राहत नाही. पुढे दावा दाखल झाला की विमा कंपनीचा वकील हाच कागद काढतो. वाहनाची धडक बसलीच नव्हती, हा स्वतःच पडला होता, वाहन मागाहून गोवले आहे, असा बचाव उभा राहतो. उपचाराच्या घाईत लिहिलेली एक ओळ कुटुंबाला वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायला लावते.

त्यात डोक्याला मार लागलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. अशा दुखापतीत धडकेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे, कधी काही तास, आठवणीतून पुसले जातात. शुद्धीवर आल्यावर तो जे ऐकतो त्यानेच ती रिकामी जागा भरतो. ‘तू एकदम वळलास म्हणे’ असे नातेवाइकांनीच सांगितले की तोही मान डोलावतो, आणि हा त्याचा ‘जबाब’ होतो. गरीब माणसाला तर आधीच वाटत असते की मोटारीच्या वाटेत आपण आलो म्हणजे चूक आपलीच असणार. रस्ता गाडीवाल्यांचा, आपण तिथे उपरे, ही भावना त्याच्या मनात आपण सर्वांनी मिळून रुजवली आहे.

आता ‘दिसलाच नाही’ या वाक्याकडे पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण सेकंद-दीड सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी गाडी पूर्ण थांबायला एकूण ६५ ते ७० मीटर लागतात. हाच वेग ४० असेल तर २५-२६ मीटर पुरतात. म्हणजे रात्री आखूड झोताच्या दिव्यांत जेवढे दिसते त्यापेक्षा जास्त अंतर ज्याला थांबायला लागते, तो चालक न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. ‘एकदम समोर आला’ हे त्याचे म्हणणे खरे असू शकते. पण त्यातून पुढचा प्रश्न निघतो, तुझा वेग किती होता? आपल्या तपासात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मंत्रालयाच्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक अपघातांचे कारण अतिवेग असे नोंदलेले असते. मग एकेका अपघाताच्या कागदपत्रांत तो वेग कुठे हरवतो? पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांच्याबाबत चालकाने विशेष काळजी घ्यावी, असे २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांत स्पष्ट लिहिले आहे. ही विशेष काळजी घेतली होती का, असा रकाना पंचनाम्यात कधी भरलेला दिसत नाही.

पंचनामा होतो तोवर बरेच काही नाहीसे झालेले असते. वाहतूक खोळंबते म्हणून गाडी बाजूला घेतलेली असते, सायकल कोणी तरी कुंपणाला टेकवून ठेवलेली असते, काचा पायाने लोटलेल्या असतात. पावसाळा असेल तर रस्त्यावर काहीच उरत नाही. आरटीओचा निरीक्षक मोटारीचे ब्रेक तपासतो आणि ‘यांत्रिक दोष आढळला नाही’ असे लिहून देतो. सायकल मात्र कोणी तपासत नाही. खरे तर बोलणारी वस्तू तीच. मागचे चाक दुमडले असेल तर धडक मागून बसली. मग ‘आडवा आला’ हे टिकत नाही. पुढचे चाक आत गेले असेल तर गोष्ट वेगळी. सायकलच्या दांडीवर गाडीचा रंग घासलेला असतो, गाडीच्या बॉनेटवर किंवा बंपरवर विशिष्ट उंचीवर पोचा असतो. रिफ्लेक्टर फुटला तो धडकेत फुटला की आधीच नव्हता, हेही पाहणाऱ्याला कळते. पण ती सायकल ठाण्याच्या आवारात गंजत पडते किंवा घरच्यांकडून भंगारात जाते. आसपासच्या दुकानांचे, सोसायट्यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते मागायला पोलीस जातात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हे होऊ नये म्हणूनच तर नियम केले आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. पीडितांना त्यांचे हक्क सांगणारा नमुना पोलिसांनी स्वतःहून द्यायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. आपल्या जवळच्या ठाण्यात जाऊन विचारून पाहा, सायकलस्वाराच्या कुटुंबाला तो नमुना कोणी हातात ठेवला होता का.

दोषाच्या एका वाक्याची किंमत रुपयांत मोजता येते. समजा, चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात कंत्राटावर रखवालदारी करणारा ३८ वर्षांचा माणूस आहे. महिना पगार १५ हजार, घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या सूत्राने हिशेब असा होतो. भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के धरून उत्पन्न २१ हजार, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वयानुसार गुणक १५. म्हणजे केवळ बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई २८,३५,००० रुपये. आता त्यात सायकलस्वाराचाही २५ टक्के दोष होता असे न्यायाधिकरणाने धरले की ७,०८,७५० रुपये गेले. निम्मा दोष धरला की चौदा लाखांहून अधिक गेले. ‘एकदम आडवा आला’ या तीन शब्दांत एका मुलाचे शिक्षण आणि आईचे औषधपाणी वाहून जाते, आणि ते तीन शब्द खरे होते की नाही हे कोणी तपासलेले नसते.

कायद्यात दोषाचा विचार न करता मिळणारी भरपाईही आहे. कलम १६४ नुसार मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख. कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही. पण त्या मार्गाने मिळालेले पैसे घेतले की पूर्ण भरपाईचा दावा संपतो. मग काय होते? ‘तुमच्याच माणसाची चूक निघेल, हातात काहीच पडणार नाही, मिळतात ते घ्या’ असे कोणी तरी समजावते आणि अठ्ठावीस लाखांचा हक्क पाच लाखांवर मिटतो. दोषाची भीती दाखवली की तडजोड स्वस्तात होते, हे त्या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे.

त्याहून वाईट तडजोड रस्त्याच्या कडेला होते. ‘मिटवून घ्या’ म्हणत दहा-वीस हजार हातावर ठेवले जातात आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असा कागद लिहून घेतला जातो. आतल्या रक्तस्रावाची, मणक्याच्या इजेची लक्षणे अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. तोवर वाहनाचा क्रमांकही कोणाकडे उरलेला नसतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा तर आपसांत मिटवता येण्याजोगा नाहीच. तरी गावात पंच बसतात, पुढारी मध्ये पडतात आणि विधवेला सांगितले जाते की गेलेला माणूस काही परत येणार नाही.

सायकलस्वार चुकतच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. उलट दिशेने येणारे आहेत, सिग्नल तोडणारे आहेत, कानात गाणी अडकवून चालवणारे आहेत, बिनदिव्याच्या सायकली तर सर्रास आहेत. जुन्या पुणेकरांना आठवत असेल, दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचे. आज तेवढीही विचारणा नाही. सायकलस्वाराच्या धडकेने पादचारी वृद्ध पडून जायबंदी होतात, तेव्हा तिथे सायकलस्वार हाच बलवान असतो आणि त्याच्याकडूनही हीच जबाबदारी मागितली पाहिजे. आमचा आग्रह इतकाच की चूक आणि अपघात यांचा कार्यकारणसंबंध दाखवा. भर दुपारी मागून धडक दिलेल्या सायकलला दिवा नव्हता, याला काय अर्थ आहे? सायकलस्वाराने हेल्मेट घातले नव्हते, हे सांगितले जाते. ते घालणे शहाणपणाचे आहे, पण कायद्यातली हेल्मेटसक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. आणि ज्याचा पाय चिरडला त्याच्या हेल्मेटची चौकशी कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या एका प्रकरणात हेच सांगितले. नियम मोडला होता एवढ्याने दोषाचा वाटा ठरत नाही, त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दिसायला हवे. आणि समोर दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर प्रौढाच्या सावधपणाची अपेक्षा त्याच्याकडून धरायची नाही, हे तर न्यायालये पूर्वीपासून सांगत आली आहेत.

उलट दिशेने येणाऱ्या सायकलींबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण सर्वाधिक संताप त्यांच्यावरच निघतो. महामार्ग चौपदरी होतो, दुभाजक सलग बांधला जातो. गाव एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. वळायची जागा दीड-दोन किलोमीटरवर, सेवारस्ता अर्धवट किंवा ढाबे आणि ट्रकांनी व्यापलेला. पायडल मारत जाणाऱ्या मुलीने शाळेत पोहोचण्यासाठी रोज तीन-चार किलोमीटर जास्त जावे, अशी ज्याने योजना केली त्याने तिच्या उलट दिशेने येण्याचीही तजवीज करून ठेवली. तिला धडक बसली की पंचनाम्यात ‘चुकीच्या दिशेने’ असे लिहिले जाईल. दुभाजक आखणारा अभियंता त्या कागदात कुठेही नसेल.

रस्ताही या प्रकरणातला एक पक्ष असतो, ही गोष्ट आपल्या तपासपद्धतीला मान्यच नाही. डांबराचे थर एकावर एक चढवून रस्ता साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच होतो. मागून भोंगा वाजला की सायकलस्वार कडेला घेतो आणि त्या कडेवरून घसरून थेट मागच्या चाकाखाली जातो. गटारावरच्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर ठेवल्या की सायकलचे अरुंद चाक त्यात अडकते. पुण्यात सायकलमार्ग आहेत, पण त्यांवर दुचाक्या उभ्या, हातगाड्या उभ्या आणि मध्येच विजेचा डीपी. सायकलस्वार मुख्य रस्त्यावर उतरला की ‘मार्ग असून तो रस्त्यात का आला’ हा सवाल त्यालाच. ऊसपट्ट्यात गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना, रिफ्लेक्टर नसताना रस्त्यात उभे असतात. त्यांवर आदळून माणसे मरतात आणि दोष लागतो आदळणाऱ्याला.

रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत कसूर झाल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ मध्ये आली. ती वापरायची तर अपघाताच्या दिवशीच रस्त्याची मोजणी व्हायला हवी. ती होत नाही, म्हणून कलम कागदावर राहते. त्यात आणखी एक मेख आहे. सायकल हे मोटार वाहन नाही. त्यामुळे मोटारीचा संबंध न येता खड्ड्यात पडून सायकलस्वार गेला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार त्याच्या कुटुंबाला बंद. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. खड्ड्यात पडलेल्याला ‘बघून चालवायला काय झाले होते’ असे विचारणाऱ्या महापालिकांना दिलेले ते उत्तर होते.

चालकाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आम्हीही पंचनाम्याआधीच निकाल लावू. सायकलस्वाराला धडक बसली की दुसरा एक निकाल जमाव लावतो, मोठी गाडी ती दोषी. चालकाला खाली ओढून मारहाण होते, गाडी फोडली जाते. त्याची चूक नसली तरी. या भीतीने तो पळतो आणि जो वाचला असता तो सायकलस्वार रस्त्यावर रक्त जाऊन मरतो. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी चाके थांबवली ती याच प्रश्नावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, हे पोटकलम मात्र बाजूला ठेवले गेले. चालकांची भीती खरी होती, पण तिचे उत्तर कायद्यात आधीपासून आहे. जमावाच्या रोषामुळे थांबणे शक्य नसेल तर कलम १३४ त्याला तिथून निघण्याची मुभा देते. मात्र जवळच्या ठाण्यात जाऊन सांगायचे असते. हे किती चालकांना परवाना देताना समजावले जाते? ठाण्यात येऊन स्वतः खबर देणाऱ्या चालकाला तिथे कसे वागवले जाते? तो सुरक्षित असेल तर बोलेल, आणि तो खरे बोलला तर सायकलस्वाराच्या कुटुंबाचेही भले आहे.

पळून गेलेल्यांचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे. २०२२ मध्ये देशात अज्ञात वाहनांनी केलेल्या अपघातांची संख्या ६७ हजारांवर होती. अशा प्रकरणांत मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमींना ५० हजार रुपये देण्याची योजना आहे. २०२२-२३ या वर्षात त्यासाठी आलेले अर्ज जेमतेम दोनशेच्या घरात होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये यावर चिंता व्यक्त करून पोलिसांनीच पीडितांना योजनेची माहिती द्यावी, असे बजावले. पैसे आहेत, योजना आहे, आणि ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

दंड आणि भरपाई यांत आपण सतत गल्लत करतो, आणि आमच्या मते खरी गाठ तिथेच आहे. एखाद्याला तुरुंगात पाठवायचे तर दोष संशयापलीकडे सिद्ध झालाच पाहिजे, त्यात कसलीही सूट नको. पण मोडलेल्या हाडांचा खर्च कोणी करायचा, हा वेगळा प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळच उभी राहिली. आज तिथल्या कायद्यानुसार मोटारीची सायकलस्वाराला धडक बसली तर अपरिहार्य कारण सिद्ध केल्याशिवाय भरपाईची जबाबदारी मोटारीच्या बाजूची. सायकलस्वार चुकला असला तरी किमान निम्मी भरपाई मिळते, चौदा वर्षांखालील मुलाला पूर्ण मिळते. फ्रान्सने १९८५ मध्ये कायदामंत्री रोबेर बादँतेर यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून अशीच दिशा धरली. यात चालकाला गुन्हेगार ठरवलेले नाही. जो दीड टनाचे यंत्र वेगाने रस्त्यावर आणतो, त्याच्या विम्याने त्या यंत्राच्या धोक्याचा भार उचलावा, इतकेच तत्त्व आहे. आपल्याकडेही तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, त्याचे हप्ते आपण सारे भरतो. संसदेने कलम १६४ मधली पाच लाखांची मर्यादा वाढवावी आणि ती रक्कम घेतल्यावर मोठा दावा संपतो ही अट काढावी. हप्ते वाढतील असे विमा कंपन्या म्हणतील. थोडे वाढतीलही. आज तो खर्च कोणी करतच नाही, असे थोडेच आहे? तो रखवालदाराची बायको करते, शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा करतो.

कायदा बदलेपर्यंत सायकलस्वारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी स्वतःला जपायला हवे. अपघाताच्या जागी चूक कोणाची यावर वाद घालू नका. शुद्धीत असाल तरी ‘माझेच चुकले’ असेही म्हणू नका आणि कोणावर ओरडूही नका. गाड्या हलवण्याआधी चार बाजूंनी फोटो काढा किंवा कोणाला काढायला सांगा. वाहनाचा क्रमांक आणि ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांचे फोन नंबर घ्या. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, कलम १३४-अ त्याला संरक्षण देते, हे त्याला सांगा, म्हणजे तो नंबर देईल. सायकल दुरुस्त करू नका, फाटलेले कपडे टाकू नका. केसपेपरवर काय लिहिले आहे ते त्याच दिवशी वाचा आणि चुकीचे असेल तर लेखी हरकत द्या. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. ती सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली असली तरी त्या आव्हानाच्या भरवशावर कोणी राहू नये.

वृत्तपत्रांनाही आपले घर साफ करावे लागेल. सायकलस्वाराच्या मृत्यूची बातमी देताना ‘अचानक आडवा आल्याने’ हे कोणी सांगितले ते लिहिण्याची शिस्त आम्हा पत्रकारांना लागली पाहिजे. चालकाचे म्हणणे असेल तर चालकाचे म्हणणे म्हणून छापावे. तपास चालू असताना कारण छापूच नये.

आणि राज्याच्या गृह विभागाकडे आमची मागणी अशी आहे. सायकलस्वार किंवा पादचारी गंभीर जखमी वा मृत झाल्याच्या प्रत्येक घटनेत २४ तासांत आसपासचे सर्व सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घ्यावे. सायकल पुरावा म्हणून जप्त करून तिची तपासणी आणि छायाचित्रे बंधनकारक करावीत. रस्त्याची मोजणी, कडेची उंची, दिव्यांची अवस्था आणि वळणाची जागा पंचनाम्यात नोंदवावी. गाडीच्या वेगाचा अंदाज तज्ज्ञाकडून घेतल्याशिवाय सायकलस्वारावर दोष टाकणारे एकही वाक्य अहवालात येऊ नये. डोक्याला मार लागलेल्याचा जबाब डॉक्टरांनी तो बोलण्यास सक्षम असल्याचे प्रमाणित केल्यावरच घ्यावा. हकिकत सांगणाऱ्याचे नाव केसपेपरवर लिहिणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. पोलीस महासंचालक आणि आरोग्य सेवा संचालक यांच्या एकेका परिपत्रकाने हे सुरू होऊ शकते. उसाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी ती परिपत्रके निघाली पाहिजेत. एकदा बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरल्या की त्या रात्रींचे पंचनामे पुन्हा जुन्याच नमुन्यात लिहिले जातील.